परदेशात बसून इथलंच काम करायचंय? आधी पगाराची स्लिप काढा

मावसभावाचा फोन आला तेव्हा त्याने बाली ठरवूनच टाकलं होतं. भाड्याचं घरही बघून ठेवलं होतं, मागच्या दाराने थेट भातखाचरात उतरणारं. "दादा, कंपनी म्हणते कुठूनही काम कर. व्हिसा कुठला काढू?" मी विचारलं, पगार किती? बावीस लाख, म्हणाला. इंडोनेशियाचा रिमोट काम करणाऱ्यांसाठीचा ई-३३जी व्हिसा वर्षाला ६०,००० डॉलरचं उत्पन्न मागतो. डॉलर ९० रुपयांचा धरला तरी ५४ लाख. भातखाचरं जागच्या जागी राहिली.

बहुतेकांचा क्रम असाच असतो. आधी देश, मग व्हिसा, मग कंपनीला विचारायचं, आणि कराचं बघू रिटर्न भरताना. हा क्रम उलटा केला की निम्मे प्रश्न अर्ज भरण्याआधीच सुटतात. कुठला व्हिसा मिळेल हे तुमचा पगार कोण देतो, कसा देतो आणि कागदावर तो किती दिसतो, यावर ठरतं. समुद्रकिनारा त्यानंतर.

पायरी १. तुम्ही नक्की कोण आहात ते ठरवा

सोपं वाटतं, पण इथेच बरेच जण चुकतात. "मी अमेरिकन कंपनीत आहे" असं सांगणाऱ्याला फॉर्म १६ आहे का विचारा. दर महिन्याला इन्व्हॉइस पाठवत असाल आणि टीडीएस कापला जात नसेल, तर तुम्ही नोकरदार नाही, कंत्राटदार आहात. मग व्हिसाच्या अर्जात "एम्प्लॉयी" लिहून इन्व्हॉइस जोडले की विसंगती दिसते, आणि विसंगती दिसली की फाइल बाजूला पडते.

म्हणजे ढोबळ तीन प्रकार: भारतीय कंपनीचा पगारदार, परदेशी कंपनीचं काम करणारा कंत्राटदार, आणि चार-पाच ग्राहक सांभाळणारा फ्रीलान्सर. कागदपत्रांचा गठ्ठा प्रत्येकाचा वेगळा होतो.

फ्रीलान्सरसाठी एक खास खाच सांगून ठेवतो, कारण ती कुठलाही एजंट सांगत नाही. तुम्ही ४४एडीए म्हणून ओळखली जाणारी अंदाजित उत्पन्नाची सोय घेत असाल, तर रिटर्नमध्ये जमेच्या निम्मी रक्कमच उत्पन्न म्हणून दिसते. चाळीस लाख मिळवलेत, रिटर्नवर वीस. व्हिसा अधिकाऱ्याला आपल्या आयकर कायद्यातल्या खाचाखोचा माहीत असण्याचं कारण नाही. तो वीसच वाचतो. म्हणून सीएकडून एकूण जमेचा दाखला घ्या, त्यात ही सोय काय आहे हे दोन ओळींत लिहून घ्या, आणि बँकेकडून परदेशी रक्कम आल्याचे दाखले, म्हणजे एफआयआरसी, जोडा. हे तीन कागद एकत्र नसतील तर चांगली कमाई असूनही अर्ज तोकडा पडतो.

पायरी २. कंपनीची परवानगी, आणि तीही लेखी

"कुठूनही काम कर" हे मॅनेजरने चहा पिताना म्हटलेलं वाक्य असतं. एचआरच्या कागदावर ते "भारतात कुठूनही" असं निघतं. मावसभावाचं तेच झालं. पत्र आलं त्यात फक्त "वर्क फ्रॉम होम" होतं, आणि घराचा पत्ता पिंपळे सौदागरचा.

कंपन्या आडमुठेपणा म्हणूनच नकार देतात असं नाही. तुम्ही दुसऱ्या देशात दीर्घकाळ बसून काम केलंत, तर तिथलं कर खातं म्हणू शकतं की या कंपनीचं आमच्याकडे कायमस्वरूपी आस्थापन आहे, कर भरा. बँकिंग किंवा आरोग्य क्षेत्रातल्या ग्राहकाचं काम असेल तर डेटा भारताबाहेर उघडायचा नाही असं करारातच असतं. त्यामुळे एचआरकडे जाताना "मला जायचंय" एवढंच सांगू नका. किती दिवस, कुठल्या देशात, तिथे करार करण्याचा किंवा ग्राहक मिळवण्याचा अधिकार मला नाही, भारतीय पगारपत्रकावरच राहीन, असं एका पानावर लिहून न्या. कायदा विभागाला होकार द्यायला आधार लागतो, तो तुम्हीच पुरवा.

पत्रात काय हवं? लेटरहेड, रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, वार्षिक पगार, "कर्मचाऱ्याला भारताबाहेरून, अमुक देशातून काम करण्याची मुभा आहे" हे स्पष्ट वाक्य, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कंपनीचा ईमेल. देशाचं नाव राहिलं तर पुन्हा पत्र मागवायची वेळ येते, आणि दुसऱ्यांदा सही करणारा माणूस नेमका रजेवर असतो.

पायरी ३. किती दिवस?

दीड-दोन महिनेच राहायचं असेल तर हा सगळा खटाटोप करावा का, असं लोक विचारतात. पर्यटक व्हिसावर जाऊन हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडला तर कोण बघतंय? खरं सांगायचं तर सहसा कोणी बघत नाही. पण पर्यटक व्हिसा कामासाठी नसतो, आणि विमानतळावर "कशासाठी आलात?" या प्रश्नाला "काम करायला" असं उत्तर गेलं तर परतीचं विमान पकडावं लागू शकतं. युरोपात शेंगेन देशांत मिळून १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि ईईएस ही नवी नोंदणी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून लागू होत गेल्यापासून हे दिवस संगणकच मोजतो. पूर्वी शिक्का पुसट आहे म्हणून निभावून जायचं, ते दिवस गेले.

तीन महिन्यांच्या वर राहणार असाल तर पुढची पायरी वाचा.

पायरी ४. आता देश

पुढचे रुपयांतले आकडे डॉलर ९०, युरो १०५ आणि थाई बात २.८० रुपये धरून काढले आहेत. अर्जाच्या दिवशीचा भाव बघा आणि दहा टक्के जास्तच दिसेल अशी सोय ठेवा.

*थायलंड.* मध्यम पगाराच्या मराठी माणसाला सध्या सगळ्यात परवडणारा आणि सुटसुटीत पर्याय माझ्या मते हाच. जुलै २०२४ मध्ये डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, म्हणजे डीटीव्ही, सुरू झाला. मुदत पाच वर्षं, कितीही वेळा ये-जा, आणि दर खेपेला १८० दिवस. वय किमान २०. मासिक उत्पन्नाची अट नाही. खात्यात ५,००,००० बात दाखवावे लागतात, म्हणजे १४ लाखांच्या आसपास. फी १०,००० बात, आणि अर्ज फेटाळला गेला तर ती परत मिळत नाही. अर्ज ऑनलाइन, थायलंडच्या बाहेर असताना.

इथे १४ लाखांचाच घोळ होतो. आपल्याकडे पैसा बचत खात्यात पडून नसतो. एफडी, म्युच्युअल फंड, नाहीतर फ्लॅटच्या हप्त्यात असतो. मग अर्जाच्या आदल्या आठवड्यात बाबांची एफडी मोडून दहा लाख खात्यात येतात. स्टेटमेंटवर तो उंचवटा लगेच डोळ्यांत भरतो. किमान तीन महिने, जमलं तर सहा, रक्कम खात्यात राहू द्या. स्टेटमेंट बँकेच्या शाखेतून सही-शिक्क्यासह घ्या, मोबाइल ॲपमधून काढलेलं नको. बचत खात्यातला पैसा एवढे महिने पडून राहणार म्हणून जीव तुटतो, मान्य. व्याजाचा तो तोटा व्हिसाच्या खर्चातच धरा.

या व्हिसावर थाई कंपनीचं किंवा थाई ग्राहकाचं काम करता येत नाही. सलग ९० दिवस राहिलात तर इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो. वेळ भारताच्या दीड तास पुढे, त्यामुळे पुण्याची दहाची मीटिंग तिकडे साडेअकराला. अमेरिकी वेळेवर काम करणाऱ्यांनी मात्र रात्र आणखी दीड तास लांबेल हे धरून चालावं.

*मलेशिया.* डी रंताऊ हा पास ऑक्टोबर २०२२ पासून आहे. आयटी आणि डिजिटल कामवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलर, म्हणजे २१ लाख ६० हजार. इतर पेशांना ६०,००० डॉलर. तीन ते बारा महिने, पुढे आणखी बारा वाढवता येतात. फी १,००० रिंगिट, सोबतच्या प्रत्येक कुटुंबीयाचे ५००. बावीस लाखांचा मावसभाव इथे काठावर पास होत होता. काठावरचं पास होणं मला आवडत नाही, रुपया जरा घसरला की नापास.

*दुबई.* व्हर्च्युअल वर्कचा एक वर्षाचा परवाना, महिन्याला ३,५०० डॉलर म्हणजे ३ लाख १५ हजार. वैयक्तिक आयकर नाही हे आकर्षण, पण ते वाचून लगेच उड्या मारू नका, कराच्या पायरीत त्यावर बोलू. शिवाय अमिरात अपॉस्टिलच्या, म्हणजे एका सरकारी शिक्क्यावर कागद परदेशात मान्य होण्याच्या, करारात नाही, त्यामुळे लग्नाचा दाखला किंवा पदवी दूतावासाकडून वेगळी प्रमाणित करून घ्यावी लागते.

*मॉरिशस.* याचा विचार फार कमी लोक करतात. प्रीमियम व्हिसा एक वर्षाचा, महिन्याला १,५०० डॉलर, म्हणजे १ लाख ३५ हजार. वेळ भारताच्या दीड तास मागे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिकडे गेलेल्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मुलं बरोबर असतील तर हे सगळं व्हिसाच्या अटींइतकंच मोलाचं आहे.

*स्पेन.* युरोपात जायचं तर कागद सगळ्यात जास्त, पण मिळतंही जास्त. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट लागतं. २०२५ च्या दराने महिना २,७६३ युरो, म्हणजे २ लाख ९० हजार. जोडीदारासाठी किमान वेतनाच्या ७५ टक्के आणखी, त्यापुढे प्रत्येक मुलामागे २५ टक्के. पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, कंपनी किमान वर्षभर जुनी, तिच्याशी तुमचं नातं किमान तीन महिन्यांचं. भारतीय पगारदारांची गाडी अडते ती सामाजिक सुरक्षेवर. स्पेनला दाखला हवा असतो की तुमचा पीएफसारखा हप्ता मायदेशी चालू आहे आणि तो दोन्ही देशांना मान्य आहे. तसा करार भारताचा पोर्तुगाल, जर्मनी, फ्रान्सशी आहे, स्पेनशी नाही. म्हणून स्पेनचा रस्ता कंत्राटदारांना सोपा पडतो. ते तिथे स्वयंरोजगारी म्हणून नोंदणी करतात आणि हप्ता स्वतः भरतात. पगारदारांनी या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय वकिलाला पैसे देऊ नयेत. आणि पुण्याची सकाळी दहाची मीटिंग म्हणजे माद्रिदला हिवाळ्यात पहाटे साडेपाच.

*पोर्तुगाल.* रिमोट काम करणाऱ्यांसाठीचा डी ८ व्हिसा, उत्पन्न किमान वेतनाच्या चौपट. २०२६ मध्ये ३,६८० युरो, म्हणजे ३ लाख ८६ हजार. (गोव्यातल्या ज्यांच्या आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा आहे त्यांच्या घरात वेगळ्याच वाटेची चर्चा चालते. पण ती नागरिकत्वाची वाट आहे आणि तिथे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. व्हिसाशी तिची गल्लत नको.)

बाकीचे झटपट. एस्टोनिया महिन्याला ४,५०० युरो मागतो. तिथली ई-रेसिडेन्सी म्हणजे व्हिसा नव्हे, ती नुसती डिजिटल ओळख, तिच्यावर तिथे राहता येत नाही. क्रोएशिया आहे, पण उत्पन्नाची अट स्पेनपेक्षा वरची. जपानचा सहा महिन्यांचा व्हिसा मार्च २०२४ ला आला, १ कोटी येनची अट आहे, आणि पात्र देशांच्या यादीत भारतच नाही. त्याचे व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका.

पायरी ५. कागद, आणि त्यातही नाव

पासपोर्टवर आपलं नाव "स्वतःचं, वडिलांचं" एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात. बँकेत मधलं नाव नुसतं एक अक्षर. पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव. पदवीवर आडनाव आधी. कंपनीच्या पत्रात मधलं नाव गायब. आपल्याला ही सगळी एकाच माणसाची नावं आहेत हे जन्मापासून माहीत असतं. परदेशी अधिकाऱ्यासमोर चार माणसं उभी राहतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तर पाच. मावसभावाच्या बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने, लग्नाचा दाखला सासरच्या नावाने. दोन्हींना जोडणारा कागद कुठेच नाही. प्रतिज्ञापत्र करून नोटरी केली, त्यात तीन आठवडे गेले.

म्हणून पहिल्या दिवशी हे करा: पासपोर्टवरचं नाव एका कागदावर जसंच्या तसं लिहा आणि बाकीचा प्रत्येक कागद त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. बँकेतलं नाव बदलून मिळतं, कंपनीचं पत्रही. पदवी बदलत नाही, तिथे प्रतिज्ञापत्र.

युरोपसाठी पोलीस क्लिअरन्स लागतं. पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर अर्ज, फी ५०० रुपये. भाड्याच्या घरात असाल तर पडताळणीच्या दिवशी भाडेकरार हाताशी ठेवा. हा दाखला फार लवकर काढू नका, काही महिन्यांतच शिळा होतो. पदवी आणि लग्नाचा दाखला आधी राज्य सरकारकडून प्रमाणित, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल. ग्रामपंचायतीचा जुना, फक्त मराठीतला दाखला असेल तर प्रमाणित भाषांतर, आणि तेही अपॉस्टिलच्या आधी की नंतर हे त्या त्या दूतावासाला विचारून.

विम्याचं एकच सांगतो: प्रवास विमा आणि आरोग्य विमा या दोन गोष्टी आहेत. स्पेनला स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा पूर्ण आरोग्य विमा लागतो, विमानतिकिटाबरोबर घेतलेला चालत नाही.

पायरी ६. कर, निघायच्या तारखेच्या आधी

आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही निवासी, आणि मग जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र. एप्रिलपासून मोजत गेलं की २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. म्हणून आखातात जाणाऱ्यांच्या तोंडी ही तारीख असते. पण १८२ च्या आत राहिलं म्हणजे सुटलात असं नाही. मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात असाल तर निवासी ठरायला ६० दिवसही पुरतात, आणि "नोकरीसाठी देश सोडला" या सवलतीखाली ते ६० चे १८२ होतात. भारतीय कंपनीचा पगार घेत थायलंडमधल्या चियांग मायला जाऊन बसणं म्हणजे नोकरीसाठी देश सोडणं का, हा वादाचा मुद्दा आहे. त्यावर भिस्त ठेवून तिकीट काढू नका.

दुबईवाल्यांसाठी आणखी एक. भारतातलं उत्पन्न (भाडं, व्याज, शेअर) १५ लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नसेल, तर भारतीय नागरिकाला कायदा निवासी मानून टाकतो. २०२० पासूनची ही तरतूद आहे.

पगारदाराने निवासीच राहावं, असं माझं मत. मावसभावाचं गणित आम्ही असं मांडलं. तो शेवटी थायलंडला, १० ऑक्टोबरला निघाला. तोवर भारतातले १८२ दिवस भरले होते, म्हणजे इथे निवासी, टीडीएस आणि फॉर्म १६ नेहमीसारखे. थायलंड कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलेल्याला निवासी मानतं. डिसेंबरअखेर त्याचे ८३ दिवस झाले, जानेवारी ते ३१ मार्च ९०. दोन्ही वर्षांत १८० च्या खाली, आणि एका खेपेच्या १८० दिवसांतही १७३ बसले. भारत-थायलंड कर करारात १८३ दिवसांच्या आतल्या अशा पगाराला जी सूट आहे ती मागायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून आयकर खात्याकडून निवासाचा दाखला, टीआरसी, काढून ठेवला.

तिकडे बँक खातं उघडलंत आणि इथे निवासी असाल, तर रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायचंच. शिल्लक पाचशे बात असली तरी. न दाखवलेली परदेशी मालमत्ता (घर-जमीन सोडून) एकूण २० लाखांच्या वर असेल तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. पैसे पाठवताना वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, आणि १० लाखांच्या वरच्या रकमेवर साधारण कारणांसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. उलट, अनिश्चित काळासाठी जाऊन अनिवासी होणार असाल तर साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं.

सीएला निघण्याच्या दोन महिने आधी भेटा. जुलैत भेटलात तर तो फक्त झालेलं नोंदवू शकतो.

पायरी ७. निघण्याच्या आठवड्यात

व्हिसाची प्रत, कंपनीचं पत्र, पहिल्या महिन्याच्या घराची पावती, विमा, सगळं छापील. मुंबई विमानतळावर आपल्याच इमिग्रेशनच्या खिडकीवर "नोकरीला चाललात का?" असं विचारतात, "नाही, माझी नोकरी इथलीच आहे, हे पत्र" एवढं उत्तर पुरतं. थायलंडसाठी आगमनाचं डिजिटल कार्ड उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं.

आणि सिम. बँक, आधार, पीएफ, आयकर, सगळ्यांचे ओटीपी एकाच भारतीय नंबरवर येतात. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा, रिचार्ज वर्षभराचा मारा, आणि शक्य असेल तर सिमचं ई-सिम करून घ्या. मावसभावाने जुनं सिम घरी आईच्या फोनमध्ये घालून ठेवलं होतं. आता तो चियांग मायहून पैसे पाठवायला बसला की मावशीला फोन करतो, आणि मावशी चष्मा शोधून आणेपर्यंत ओटीपीची वेळ संपते.